महाबळेश्वरचं गाजर, पुण्यातलं सूप

थंडीत महाबळेश्वरला जाऊन स्ट्रॉबेरी तर सगळेच आणतात. या वेळी गाडीच्या डिकीत थोडी भाजी टाकून आणा. सोमवारच्या रात्री तिचं काय करायचं, ते पुढे वाचा!

डिसेंबर लागला की पुण्या-मुंबईच्या ऑफिसांमध्ये एक साथ पसरते. शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला कुणीतरी मॉनिटरवरून मान वर काढतं आणि म्हणतं, ‘चला रे, महाबळेश्वर!’ मग काय, ग्रुपवर मेसेजेसचा पाऊस. गाडी कुणाची, चालवणार कोण, बजेट किती... आणि शनिवारी पहाटे सहाला निघायचं ठरवून साडेआठला निघायचं, हेही ठरलेलंच.

तिथे जाऊन करायच्या गोष्टीही ठरलेल्या. स्ट्रॉबेरी विथ क्रीम, वेण्णा लेकमध्ये बोटिंग, एखादा सनसेट, मक्याचं गरमागरम पॅटीस. आणि परतताना डिकीत जॅमच्या बाटल्या, चणे, चिक्की, चपला. या कशालाच आमची हरकत नाही. फक्त एक छोटंसं सजेशन आहे. येताना दोन-तीन किलो भाजी आणा.

हसू नका! भाजी तर सोसायटीच्या गेटवरही मिळते, दहा मिनिटांत घरपोचही येते, मान्य. पण थंडीतल्या महाबळेश्वरच्या गाजराची गोष्ट वेगळी आहे. ते गाजर, एक बटाटा आणि घरातला मिक्सर, एवढ्यावर हॉटेलातल्या ‘क्रीम ऑफ अमुकतमुक’ला मागे टाकणारं सूप होतं. क्रीमचा डबा न उघडता!

खंबाटकी, पसरणी आणि एक छोटंसं खोटं

पुण्याहून महाबळेश्वर साधारण १२० किलोमीटर. सातारा रोडने शिरवळ मागे पडलं की खंबाटकीचा घाट. तो उतरला की सुरूर फाट्याला हायवे सोडून वाईच्या रस्त्याला लागायचं. वाईत कृष्णेचा घाट आणि ढोल्या गणपती बघून घ्या. जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. २००४ च्या ‘स्वदेस’चं शूटिंग मेणवलीतच झालं होतं, त्यामुळे तिथल्या नदीकाठच्या घाटावर फोटो काढायला आजही चढाओढ असते. वाई सोडली की पसरणीचा घाट. इथे एसी बंद करून काच खाली करायची. दोन-तीन वळणं झाली की हवा बदलल्याचं आधी नाकाला कळतं, मग कानाला. खाली धोम धरणाचं पाणी चमकत असतं आणि शाली-स्वेटर मागच्या सीटवरून पुढे यायला लागतात.

या वेळी माझ्याबरोबर माझी एक मैत्रीण होती. मूळची अकोल्याची, पाच वर्षांपासून हिंजवडीत आयटीत. वाकडला वन बीएचके भाड्याने घेऊन एकटी राहते. तिचा क्लायंट अमेरिकेतला. म्हणजे आपली संध्याकाळ ही त्याची सकाळ. रोजचा शेवटचा कॉल संपायला रात्रीचे साडेदहा वाजतात.

पसरणीच्या घाटातच तिच्या आईचा फोन आला.

‘काल रात्री काय जेवली?’

‘वरण-भात, कोबीची भाजी.’ उत्तर तयार होतं, जराही न अडखळता.

आदल्या रात्री मी तिच्याच घरी मुक्कामाला होते. मी आठ वाजताच डबा खाऊन मोकळी झाले होते. ती कॉल संपल्यावर पाच ग्लुकोजची बिस्किटं चहात बुडवून खाऊन झोपली होती. मी नुसतं तिच्याकडे बघितलं.

‘बघू नकोस अशी,’ ती म्हणाली. ‘साडेदहाला कुकर कोण लावणार? आणि एकटीसाठी?’

कधी बिस्किटं, कधी अकरा वाजता मागवलेली बिर्याणी. तिच्या पर्समध्ये लिपस्टिकच्या शेजारी अॅसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी असते. आणि रोज रात्री आईला सांगायला एक मेन्यू. सोमवारी मेथी, मंगळवारी पिठलं... ‘आई काळजी करते गं, म्हणून सांगते,’ असं तिचं म्हणणं. एकट्याने राहणाऱ्या आपल्यापैकी किती जण हे खोटं रोज बोलतात, ते ज्याचं त्याने आठवून बघावं.

मेन्यूकार्डवरचं क्रीम

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७२ मीटर उंचीवर आहे. विल्सन पॉइंट तर १,४३९ मीटर. संध्याकाळी सूर्य डोंगराआड गेला रे गेला की थंडी मागून येऊन खांद्यावर हात ठेवते. माल्कम पेठेतल्या मेन रोडवर माकडटोप्यांची गर्दी उसळते आणि मग प्रत्येकाला एकच गोष्ट सुचते... काहीतरी गरम!

आम्हीही एका हॉटेलात शिरलो आणि ‘क्रीम ऑफ व्हेजिटेबल’ मागवलं. पांढरंशुभ्र बोल, वर क्रीमची नक्षी, दिसायला एकदम टकाटक. पहिला चमचा गरम होता म्हणून बरा वाटला. दुसऱ्याला चव शोधावी लागली. गप्पांत दहा मिनिटं गेली तेवढ्यात वर साय धरली आणि चमचा फिरवला तर खीर ढवळल्यासारखं वाटायला लागलं. भाजी म्हणाल तर गाजराचे बारीक चौकोन, मोजून सात.

यात त्या एका हॉटेलाचं काही चुकलं असं नाही. बहुतेक ठिकाणी हेच होतं आणि त्याचं कारण आहे कॉर्नफ्लोअर. ते पाण्यात कालवून उकळत्या सूपमध्ये घातलं की त्यातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि मिनिटभरात पातळ पाणी दाट होतं. स्वस्त, झटपट, रोज सेम टू सेम. पण हा दाटपणा उसना असतो. त्याला स्वतःची चव नाही. आणि सूप गार व्हायला लागलं की तो चिकट होतो. मंचाव किंवा हॉट अँड सोअरमध्ये तो खपून जातो, कारण तिथे आलं, मिरची, सॉस यांचा दंगा चाललेला असतो. भाजीच्या सूपमध्ये मात्र लपायला जागाच नसते.

गंमत म्हणजे, ज्या गावात असं सूप खाल्लं, त्याच गावाच्या वेशीवर दुसऱ्या दिवशी सकाळी खरा माल मांडून ठेवलेला दिसला.

सूप तर पाखडायला असतंय!

महाबळेश्वरची थंडी बघायची तर सकाळी सूर्य वर यायच्या आत वेण्णा लेकला जा. साताऱ्याच्या राजांनी १८४२ मध्ये बांधून घेतलेला हा तलाव खोलगट भागात आहे. रात्री आकाश निरभ्र असलं की जमिनीलगतची हवा गार होते, गार हवा जड, ती उतारावरून घसरत या खोलगट जागेत येऊन बसते. म्हणून गावात नुसतं कुडकुडायला होत असताना इथे आणि लिंगमळ्याच्या बाजूला थंडीच्या लाटेत दवबिंदू चक्क गोठतात. स्ट्रॉबेरीच्या पानांवर, गवतावर, उभ्या गाड्यांच्या टपावर पांढरी चादर दिसते. फोटो काढायला हातमोजे काढावे लागतात आणि तेवढ्यात बोटं जातात कामातून!

तलावाच्या रस्त्याला सकाळपासून विक्रेते बसतात. टोपलीत लालचुटूक मुळे, बोटाएवढी कोवळी गाजरं, पाल्यासकट. एका मावशींसमोर आम्ही थांबलो. गाजरं आत्ताच धुतलेली, पाणी निथळत होतं.

‘घ्या ताई, लई गोड हाय. खाऊन बगा,’ म्हणत त्यांनी एक मोडून हातावर ठेवलं. कडकन आवाज झाला. खरंच गोड होतं, साखर लावल्यासारखं.

‘थंडी पडली की गाजराला गोडी येती. पाऊसकाळातल्याला ही चव न्हाई.’

मावशींचं म्हणणं सायन्सच्या पुस्तकातही सापडेल. थंडी वाढली की गाजर आपल्यातला काही स्टार्च मोडून त्याची साखर करतं. साखर विरघळलेलं पाणी सहजासहजी गोठत नाही, म्हणजे गाजराचा हा स्वतःला वाचवायचा फंडा. फायदा आपला!

‘तुम्ही कसं करता याचं?’ मैत्रिणीने विचारलं.

‘आमी कच्चंच खातो भाकरीसंगं. म्हाताऱ्याला दात न्हाईत, त्येला उकडून द्येते. लसूण घालायचा, बटाटा घालायचा, रवीनं घोटायचं. वाटीत दिलं की पितोय गपगुमान.’

‘म्हणजे सूपच की!’

‘सूप?’ मावशी हसल्या. ‘सूप तर पाखडायला असतंय!’

दोन किलो गाजरं, एक जुडी मुळा. पैसे द्यायला पाकीट काढलं तर मावशींनी टोपलीच्या कडेला लटकवलेला क्यूआर कोड पुढे केला. आम्ही परत निघालो तेव्हा मैत्रीण म्हणाली, ‘लसूण, बटाटा, गाजर... एवढंच?’

एवढंच.

हवापालट, चिनी कैदी आणि बटाटा

आता थोडं फ्लॅशबॅक. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात, म्हणजे १८२७ ते १८३० च्या दरम्यान, महाबळेश्वर हिल स्टेशन म्हणून वसायला लागलं. बाजाराचं माल्कम पेठ हे नाव त्याचंच. मूळ हेतू टुरिझमचा नव्हता. उन्हाने आणि तापाने बेजार झालेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना, सैनिकांना बरं व्हायला थंड हवेची जागा हवी होती. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेजारच्या पाचगणीत क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियमही निघालं. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी असलेला ‘हवापालट’ हा शब्द आठवा. आजारातून उठलेला माणूस इथे यायचा तो पॉइंट बघायला नव्हे, तर चार घास पचायला लागावेत म्हणून.

आणि आजाऱ्याच्या ताटात काय असणार? सूप! पण त्यासाठी गाजर, बटाटा, कोबी अशी ‘इंग्लिश भाजी’ हवी. ती पिकवली कुणी, तर कैद्यांनी. एकोणिसाव्या शतकात इथे चिनी आणि मलायी कैद्यांसाठी तुरुंग होता. १८६० च्या दशकात तो बंद झाला, पण तोपर्यंत या कैद्यांनी इथल्या लाल मातीत बटाट्याचे आणि इंग्लिश भाज्यांचे मळे फुलवले होते. आज आपण ‘चायनामन्स फॉल्स’ नावाच्या धबधब्यापुढे सेल्फी काढतो, त्याला हे नाव मिळालं ते जवळच असलेल्या या चिनी माळ्यांच्या बागांवरून. घरापासून हजारो मैलांवर आणून टाकलेली ती माणसं. परक्या गावात त्यांनी दुसऱ्यांच्या सूपसाठी भाजी लावली. त्यांच्या स्वतःच्या वाटीत काय असायचं, कोण जाणे.

स्ट्रॉबेरी ही आजची स्टार. २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला जीआय मानांकनही मिळालं. गाजर-मुळा मात्र रस्त्याकडेला टोपलीतच राहिले. त्यांचं ना जॅम होतं, ना त्यांच्यासाठी कुणी रांग लावतं. पण सॅनेटोरियमच्या दिवसांतलं खरं महाबळेश्वर चाखायचं असेल, तर ते याच टोपलीत आहे.

डिकीतून किचनमध्ये

सोमवार, रात्री साडेदहा. वाकडच्या त्या वन बीएचकेत लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि आम्ही ओट्यापाशी गेलो. घड्याळ लावून बघितलं. सुरुवातीपासून वाटी हातात येईपर्यंत पंचवीस मिनिटं. त्यातलं हाताला काम असलेलं फार तर दहा. उरलेल्या वेळात तिने तोंड धुतलं, कपडे बदलले, आणि जरा शांत बसली. वाचकांसाठी हे घ्या साग्रसंगीत...

साहित्य (दोन मोठ्या वाट्यांसाठी): गाजरं पाव किलो, एक मध्यम बटाटा, अर्धा कांदा, लसणाच्या दोन-तीन पाकळ्या, एक चमचा लोणी, दोन ते अडीच वाट्या पाणी, अर्धी वाटी दूध, मीठ, ताजी कुटलेली मिरी.

कृती: कुकरमध्येच लोणी गरम करून कांदा आणि लसूण मंद आचेवर परता. कांदा पारदर्शक व्हायला हवा, लाल नको. लाल झाला की सूपचा रंग आणि चव दोन्ही बदलतात. गाजर आणि बटाट्याचे लहान तुकडे घालून आणखी दोन मिनिटं परता, पाणी आणि मीठ घालून दोन-तीन शिट्ट्या करा. कुकर आपोआप पडू द्या. कोमट झाल्यावर मिक्सरमधून काढा, पुन्हा गॅसवर ठेवा, उकळी आली की आच बारीक करून दूध घाला. वरून मिरी. झालं!

दोन गोष्टी मात्र नीट ऐका. एक, उकळतं सूप मिक्सरच्या बंद भांड्यात घालू नका. वाफ कोंडते, झाकण उडतं आणि हातावर-चेहऱ्यावर भाजतं. कोमट होऊ द्या आणि भांडं निम्मंच भरा. हँड ब्लेंडर असेल तर प्रश्नच नाही. दोन, बटाटा मिक्सरमध्ये फार वेळ फिरवू नका. त्यातला स्टार्च मोकळा होऊन सूप गोंदासारखं चिकट होतं. थांबत थांबत, दोन-तीन वेळा, बास! मिक्सर बिघडला असेल तर मावशींची रवी आहेच. सूप थोडं रवाळ होईल, पण चव तीच.

क्रीम नक्की येतं कुठून?

आपल्या डोक्यात ‘क्रीमी’ म्हणजे क्रीम घातलेलं, असं पक्कं बसलंय. खरं तर जिभेला क्रीमी वाटतं ते दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे स्निग्धपणा. दुसरं म्हणजे जिभेला कण जाणवणार नाहीत इतकी बारीक झालेली भाजी. ही दुसरी गोष्ट फुकट मिळते. शिजलेलं गाजर, लाल भोपळा, फ्लॉवर हे मिक्सरमध्ये असे काही मऊसूत होतात की वेगळं काही घालावंच लागत नाही. त्यांना जोड म्हणून एक-तृतीयांश बटाटा. त्याचा स्टार्च भाजी आणि पाणी यांना धरून ठेवतो. नाहीतर वाटीत वर पाणी आणि खाली चोथा असा घटस्फोट होतो.

बटाटा नको? मूठभर शिजलेला भात घाला. दुपारचा उरलेला चालेल. किंवा चमचाभर नाचणीचं पीठ पाण्यात कालवून घाला आणि पाच मिनिटं उकळा. नाचणी तर याच डोंगरातली. किंवा पाच-सहा काजू अर्धा तास भिजवून भाजीबरोबरच वाटा.

आणि हे काही फार फॉरेन प्रकरण आहे असं समजू नका. हुलग्याचं माडगं, मुगाचं कढण, कोकणातली पेज, नाचणीची आंबील. आपल्याकडे आजाऱ्याला, बाळंतिणीला, म्हाताऱ्यांना हेच दिलं जायचं. दाट, गरम, गिळायला सोपं. त्यात क्रीम कुठे होतं?

तरी एखाद्या दिवशी लाड करायचे असतील तर गॅस बंद करून चमचाभर फ्रेश क्रीम जरूर घाला. बाजारातल्या पॅकमध्ये साधारण २५ टक्के फॅट असतं, तेव्हा चमचा म्हणजे चमचाच, पळी नाही! लोणी मात्र अगदी गाळू नका. गाजराला केशरी रंग देणारं बीटा कॅरोटीन शरीरात नीट मुरायला थोडा तरी स्निग्ध पदार्थ लागतो.

एक रीत, चार सूप

एकदा ही रीत हातात बसली की फक्त भाजी बदलायची. शनिवारच्या मंडईत जे ताजं दिसेल ते घ्या.

फ्लॉवर: या चौघांत सगळ्यात क्रीमी. बटाटाही लागत नाही. वरून थोडं जायफळ किसा. क्रीम घातलंय असं वाटून पाहुणे फसतात.

लाल भोपळा: कांद्याबरोबर आल्याचा छोटा तुकडा परता. दूध नको, त्याऐवजी दोन चमचे नारळाचं दूध. थंडीत अंगात ऊब भरते.

मटार: हिरव्यागार रंगासाठी झाकण न ठेवता पाच-सहा मिनिटंच शिजवा. सालं जिभेला लागतात म्हणून हे सूप गाळून घ्या. वर पुदिना.

टोमॅटो: इथे दुधाशी जपून. टोमॅटोच्या आंबटपणाने दूध फाटतं. म्हणून टोमॅटोबरोबर काजू किंवा भात वाटा, दुधाचं नाव काढू नका.

मुळ्याची जुडी आणली असेल तर ती सूपमध्ये घालू नका, उकडल्यावर वास मारतो. त्याच्या चकत्या करा, मीठ-लिंबू लावा आणि सूपबरोबर कच्च्याच खा.

आणखी एक कामाची टिप. रविवारी संध्याकाळी दूध न घालता तिप्पट सूप करून ठेवा. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस सहज राहतं. रोज लागेल तेवढंच काढायचं, उकळायचं, दूध घालायचं. पाच मिनिटं. डिलिव्हरी बॉय तुमची गल्ली शोधतोय तोवर तुमची वाटी रिकामी झालेली असेल!

नुसतं सूप म्हणजे पूर्ण जेवण मात्र नव्हे. भाजीबरोबर मूठभर मुगाची डाळ शिजवली तर प्रोटीन मिळतं आणि दाटपणाही येतो. सोबत एखादी भाकरी किंवा टोस्ट. रात्री अकरा वाजता पोटाला एवढं पुरतं आणि पचतंही.

‘आज काय जेवली?’

या सगळ्याला आता महिना झाला. मैत्रिणीची नोकरी तीच, क्लायंट तोच, कॉलही साडेदहालाच संपतो. सूपने आयुष्य बदललं वगैरे आम्ही म्हणणार नाही. आठवड्यातून चार दिवस सूप होतं, एखादा दिवस बिर्याणी येते, आणि एखाद्या रात्री बिस्किटंही असतात. गोळ्यांची पट्टी पर्समध्ये आहे, पण ती अजून पहिलीच आहे.

परवा तिच्याकडे गेले होते तेव्हा आईचा फोन आला. या वेळी व्हिडिओ कॉल.

‘काय जेवली?’

तिने वाटीच कॅमेऱ्यासमोर धरली. ‘गाजराचं सूप. मुगाची डाळ घालून. आणि भाकरी. भाकरी विकतची आहे.’

पलीकडे क्षणभर शांतता. मग आई म्हणाली, ‘सूप काय सूप! हे तर कढणच झालं. वरून जवसाची चटणी टाक, मी पाठवते.’

चौथ्या दिवशी अकोल्याहून पार्सल आलं. दोन बाटल्या चटणी आणि गावरान लसणाची एक माळ. फ्लॉवरच्या सूपवर जवसाची चटणी काय अफलातून लागते, हे कुठल्या मेन्यूकार्डवर सापडणार नाही.

जाताय? मग एवढं करा

थंडी आणि गोड गाजर दोन्ही हवं असेल तर डिसेंबर-जानेवारी गाठा. ख्रिसमस ते न्यू इयर हा आठवडा टाळलात तर पसरणीच्या घाटात ट्रॅफिकमध्ये बसावं लागणार नाही. पावसाळ्यात जाण्याचा मूड असेल तर छत्रीच्या भरवशावर जाऊ नका. इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो! वेळ काढून क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या मंदिरात जा. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचा उगम तिथे मानतात. पाचगणीच्या वाटेवर भिलार लागतं. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालंय. घराघरांत मांडलेल्या पुस्तकांतलं एखादं घेऊन तिथल्या उन्हात तासभर बसलात तरी ट्रिप वसूल.

भाजी घ्यायची ती निघायच्या दिवशी सकाळी. गाजराचा पाला घरी पोचल्यावर लगेच काढून टाका, नाहीतर तो गाजरातलं पाणी ओढून घेतो आणि गाजर दोन दिवसांत लुळं पडतं. कापडी पिशवी बरोबर ठेवा. मावशींना सूप म्हणजे काय ते समजावत बसू नका, त्यांना ते आपल्यापेक्षा जास्त चांगलं येतं.

आणि हो, स्ट्रॉबेरी आणू नका असं आम्ही कुठेच म्हटलेलं नाही. सूपनंतर डेझर्ट लागतंच की!